डॉक्टरांनी विचारलं, ‘काम काय करता?’

हार्टच्या ओपीडीत डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतात, ‘काम काय करता?’ भिलाईत त्याचं ठरलेलं उत्तर आहे, ‘प्लांटमध्ये आहे.’ डॉक्टर केसपेपरवर ‘सर्व्हिस’ लिहितात आणि पुढे जातात. आता एसी कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसणारा माणूसही प्लांटमध्येच असतो, आणि कोक ओव्हनवर पायाखालून धग येत असताना उभा राहणाराही प्लांटमध्येच असतो. दोघांच्या केसपेपरवर शब्द मात्र एकच.

तुमच्या घरात कुणाला हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन सांगितलं असेल आणि त्या माणसाचं पोट अंगमेहनतीवर असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. प्लांटच हवा असं नाही. हमाल, गवंडी, ट्रकवर माल चढवणारे, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी, सगळ्यांना हे लागू आहे. ऑपरेशन कसं करतात याचे व्हिडिओ मोबाइलवर ढिगानं सापडतात. पण आजची ड्यूटी आणि ऑपरेशनची तारीख यांच्यामधले जे दिवस असतात, त्यांत काय करायचं हे फारसं कुणी सांगत नाही.

आधी झडपेचं थोडं समजून घेऊ. आमच्याकडे लोक ‘वॉल खराब झाला’ म्हणतात. हृदयात चार झडपा असतात आणि रक्त एकाच दिशेनं जावं, मागे फिरू नये, एवढंच त्यांचं काम. प्लांटमधल्या माणसाला हे समजवायला दोन मिनिटं पुरतात, कारण व्हॉल्व्ह बिघडतो म्हणजे काय हे तो रोज बघतो. एक तर व्हॉल्व्ह जाम होतो, नीट उघडत नाही. नाही तर ‘पास’ होतो, म्हणजे बंद केला तरी गळतो. हृदयातही हेच दोन प्रकार. कुणाला लहानपणी घसा धरून सांधे सुजले होते आणि त्या संधिवाताच्या तापानं झडप आतून खराब केलेली असते. आपल्या देशात हे कारण अजूनही खूप दिसतं. कुणाची महाधमनीची झडप जन्मापासूनच तीनऐवजी दोन पाकळ्यांची असते. आणि वय वाढलं की झडपेवर कॅल्शियम साचून ती कडक होते.

आता जड काम. वजन उचलताना आपण नकळत श्वास रोखतो, दात आवळतो आणि जोर लावतो. त्या क्षणी रक्तदाब झपकन चढतो. झडप गळकी असेल तर तेवढं जास्त रक्त मागे ढकललं जातं. झडप जाम असेल तर प्रकार आणखी वाईट. शरीर जास्त रक्त मागतं, पण बाहेर पडायची वाटच अरुंद. मग छातीत दुखतं, दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. एखादा तिथेच कोसळतो. जमिनीवर कोसळणं आणि तीस फुटांवर कोसळणं यातला फरक मी वेगळा सांगायला नको.

मी सेक्टर २ मध्ये वाढले. सोव्हिएत मदतीनं हा कारखाना उभारायचा करार १९५५ मध्ये झाला आणि १९५९ मध्ये पहिली धमनभट्टी सुरू झाली. तेव्हापासून इथे देशभरातून माणसं आली. त्यांत नागपूर, भंडारा, गोंदियाकडची आमच्यासारखी मराठी घरंही आली. आजोबांच्या पिढीची नोकरी पक्की होती. आजारी पडलं की सेक्टर ९ चं हॉस्पिटल, हलकी ड्यूटी, पगारी रजा. आज त्याच गेटमधून आत जाणाऱ्यांत ठेक्यावरची माणसं खूप आहेत. भट्टी तीच आणि वजनंही तीच, पण आजारी पडल्यावरचा हिशोब पार वेगळा.

आमच्या ओळखीचे एक काका असेच ठेकेदाराकडे रिगर आहेत. चेनपुली, स्लिंग, शॅकल खांद्यावर टाकून शिड्या चढायच्या आणि क्रेन पोचत नाही तिथे माणसांच्या बळावर अवजड सामान सरकवायचं. वय ५१. त्यांची महाधमनीची झडप जाम झाल्याचं इकोत निघालं. डॉक्टरांनी विचारलं, दम लागतो का? काका म्हणाले, नाही. ते खोटं बोलत नव्हते. दम लागू नये म्हणून त्यांनी वर्षभरात हळूहळू सगळंच कमी केलं होतं. शिडी दोनदा थांबून चढायचे. जड टोक जोडीदाराला द्यायचे. बाजारातून पिशवी आणायचं कधी बंद झालं ते त्यांच्याही लक्षात नव्हतं. काकूंनी मात्र सांगितलं, ‘हे आता दोन उश्या घेऊन झोपतात.’ त्या एका वाक्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि नीट चौकशी सुरू केली.

म्हणून पहिलं काम हे करा. डॉक्टरांकडे जाताना घरातलं एक माणूस बरोबर न्या, आणि एका कागदावर काम लिहून न्या. ‘रिगर’ किंवा ‘लेबर’ एवढं लिहून भागत नाही. एका वेळी किती किलो उचलता, दिवसातून किती वेळा, किती पायऱ्या, जमिनीवर की उंचीवर, भट्टीजवळ किती तास, नाइट शिफ्ट आहे का, शेजारी कुणी असतं की एकटे असता, कामावर कसं जाता. मोबाइलमध्ये कामाच्या जागेचा व्हिडिओ दाखवू असं वाटेल, पण प्लांटच्या आत फोटो काढायची मनाई असते, तेव्हा कागदच बरा. हा कागद डॉक्टरांच्या तीन निर्णयांना उपयोगी पडतो. ऑपरेशन किती लवकर करायचं, झडप कोणती बसवायची, आणि कामावर परत कधी, कोणत्या कामावर.

तारीख मिळेपर्यंत काम करायचं की नाही, हे ठरवायचा हक्क डॉक्टरांनाच द्या. शेजारच्याचं ऑपरेशन होईपर्यंत तो ड्यूटी करत होता, यावरून तुमचं ठरत नाही. त्याची झडप वेगळी, तुमची वेगळी. काहींना हलकं काम चालतं, काहींना चार पावलं चालण्यापलीकडे काही नको असतं. पण काम करताना चक्कर आली, शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा रात्री आडवं झाल्यावर श्वास कोंडला, तर तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल.

या दिवसांत गोळ्यांचा एक घोळ होतो, तो कुणी मोठ्यानं बोलत नाही. हृदयावरचा ताण कमी करायला बऱ्याच जणांना लघवीची गोळी देतात. ती घेतली की पुढचे काही तास सारखं जावं लागतं. कामाच्या जागेपासून शौचालय लांब असेल तर माणूस काय करतो? गोळीच टाळतो. बायकांचं तर विचारूच नका. हे डॉक्टरांना सरळ सांगा, ते वेळ बदलून देऊ शकतात. तसंच मिठाचं. भट्टीजवळ काम करणाऱ्यांना मीठ-लिंबू-पाणी भरपूर प्या असं वर्षानुवर्षं सांगितलेलं असतं, आणि हार्टच्या पेशंटला मीठ कमी करा, पाणी मोजून प्या असं सांगतात. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत, पण एका माणसाला एकाच दिवशी दोन्ही पाळता येत नाहीत. मे महिन्यातल्या भिलाईत तर अजिबात नाही. तुमच्यासाठी नक्की किती, हा आकडा मागून घ्या. आणि पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका. अंगमेहनत करणाऱ्या घरांत ती शेंगदाण्यासारखी खाल्ली जाते, पण अशक्त हृदयाला आणि किडनीला ती महाग पडते.

आता सगळ्यात अवघड भाग. सुपरवायझरला सांगायचं का?

लॅपटॉपसमोर बसून ‘हो, सांगाच’ असं लिहिणं मला सोपं आहे. ज्याचा गेटपास मेडिकल फिटनेसवर अवलंबून आहे, त्याला ते सोपं नाही. सांगितलं की उद्यापासून येऊ नको म्हणतील, ही भीती खोटी नाही. तरीही माझं मत सांगते. उंचीवर, क्रेनखाली किंवा गरम धातूजवळ काम असेल तर लपवणं चालणार नाही, कारण तुमच्या हातातली दोरी सुटली तर खाली उभा असलेला माणूसही कुणाचा तरी बाप असतो. फक्त सांगायचा क्रम नीट ठेवा. तोंडी, चहाच्या टपरीवर, भावनेच्या भरात नको. आधी डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. तीत जड वजन व उंचीवरचं काम बंद, अमुक तारखेपर्यंत, असं स्पष्ट असावं. तिची झेरॉक्स काढा. युनियनमधलं कुणी ओळखीचं असेल तर त्याच्याशी बोला. मग अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर ‘मिळाला’ म्हणून सही-तारीख घ्या.

त्याही आधी पगाराची स्लिप काढून बघा, ईएसआय कापला जातोय का. सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार ईएसआयमध्ये येतात. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि मालकाकडून सव्वातीन टक्के. एवढ्याशा कपातीकडे आपण लक्षही देत नाही, पण ऑपरेशनच्या वेळी घर त्यावर चालतं. आजारपणात वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी आधीच्या ठरलेल्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. काही मोठ्या आजारांसाठी, ज्यांत गुंतागुंत झालेले झडपेचे विकारही येतात, जास्त काळाचा आणि ८० टक्क्यांचा भत्ता आहे. पण त्याला दोन वर्षांच्या सलग नोकरीसारख्या अटी आहेत.

यात दोन ठिकाणी माणसं फसतात. एक, ऑपरेशन ठरलं म्हणून आधीच काम सोडून देतात आणि वर्गणी तुटते. दुसरं, ठेका बदलतो. काम तेच, जागा तीच, पण ठेकेदार नवा, आणि नव्या कागदांत जुना विमा नंबर कुणी टाकतच नाही. ईएसआयचा नंबर आयुष्यभर एकच चालतो. नवा ठेकेदार आला की तो नंबर स्वतः नेऊन द्या आणि वर्गणी जमा होतेय का ते महिन्याभरानं बघा. घरात मोबाइल वापरणारा मुलगा-मुलगी असेल तर हे काम त्यांच्याकडे द्या. रील बघून झाल्यावर पाच मिनिटं लागतात.

ईएसआय नसेल तर आयुष्मान कार्ड. त्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार योजनेतल्या हॉस्पिटलांत मिळतो आणि कार्ड राज्याबाहेरही चालतं. आपल्यातल्या बऱ्याच घरांना रायपूरपेक्षा नागपूर सोयीचं वाटतं, कारण तिथे मावशी असते, आत्या असते, डबा येतो, रात्री थांबायला माणूस मिळतं. हरकत नाही, पण ते हॉस्पिटल योजनेत आहे का आणि झडपेचं ऑपरेशन त्या कार्डावर करतात का, हे दुर्गवरून गाडीत बसायच्या आधी फोन करून विचारा.

आता झडप कोणती, याकडे येऊ. सर्जन बहुधा दोन पर्याय सांगतात. धातूची झडप खूप वर्षं टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि त्यासाठी आयएनआर नावाची रक्ततपासणी नियमित करावी लागते. प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेल्या झडपेला बहुतेकांना ती गोळी कायमची लागत नाही, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते आणि पुन्हा काहीतरी करावं लागतं. तरुण वयात धातूची आणि पासष्टीनंतर ऊतीची, असा ढोबळ कल असतो. मधल्या वयात बोलून ठरवायचं असतं. बोलण्यात कामाचा विषय आलाच पाहिजे. रोज पत्र्यानं हात कापणाऱ्या, डोक्याला मार बसण्याची शक्यता असलेल्या माणसाला रक्त पातळ करणारी गोळी म्हणजे काय, हे सर्जनना तुम्ही सांगितल्याशिवाय कसं कळणार? वयात आलेल्या मुलीचं ऑपरेशन असेल तर पुढच्या बाळंतपणाचा विचारही इथेच करायचा असतो, कारण ही गोळी गरोदरपणात अडचणीची ठरते. आणखी एक शंका वेल्डर लोक विचारतात. नुसत्या झडपेला वेल्डिंग मशीनची किंवा मोठ्या मोटारीची भीती नाही. सोबत पेसमेकर बसवावा लागला तर मात्र अशा जागेपासून अंतर ठेवावं लागतं, ते डॉक्टर सांगतील.

धातूच्या झडपेची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण लोखंडाच्या गावात ती आवडेल. एकेकाळी या झडपा बाहेरून यायच्या आणि साध्या माणसाला परवडायच्या नाहीत. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी आपली झडप बनवायचं मनावर घेतलं. पहिले तीन नमुने फसले. कधी धातूचा भाग तुटला, कधी तबकडीनं धातू झिजवला, कधी तबकडीच फुटली. शेवटी कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट आणि त्यात खास कणखर प्लॅस्टिकची तबकडी, असं जुळलं. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. पुढे एक लाखाहून जास्त लोकांना ही चित्रा झडप बसली. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर एका वर्षात ती तबकडी साडेतीन कोटींहून जास्त वेळा उघडझाप करते. मेंटेनन्ससाठी शटडाउन नाही. हे ऐकून काका पहिल्यांदा हसले होते.

त्यांनी स्वतः मात्र ऊतीची झडप घेतली. सर्जननी दोन्ही बाजू मांडल्या, पुन्हा ऑपरेशन लागेल हेही सांगितलं. काकांचं म्हणणं एवढंच, की दहा वर्षांत पोरगी शिकून कामाला लागेल, तोवर मला हातात दोरी धरता आली पाहिजे. वेगळ्या घरात वेगळं उत्तर बरोबर असेल.

ऑपरेशन ‘काही होत नाहीये तोवर’ करून घ्यायला आपण फार घाबरतो. टर्मिनेटरवाला अर्नोल्ड श्वार्झनेगर आठवतो? त्याच्या झडपेत जन्मापासून दोष होता. अंगात ताकद असतानाच १९९७ मध्ये त्यानं ऑपरेशन करून घेतलं. त्यानंतरही २०१८ आणि २०२० मध्ये पुन्हा करावं लागलं. त्याच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे ९१ दिवस आहेत, ही तुलना मला मान्य आहे. पण ताकद असताना टेबलवर गेलेला माणूस लवकर उठतो, हे दोघांनाही सारखंच लागू आहे.

ती ताकद टिकवायची म्हणजे काय? जिम नको. डॉक्टरांनी परवानगी दिली तर सपाट रस्त्यावर, दम न लागेल इतकं चालणं. श्वास आत ओढून तीन गोळे वर उचलायचं प्लॅस्टिकचं खेळणं मिळतं ना, त्याचा सराव आधीपासून कसा करायचा ते विचारून घ्या. बिडी बंद. तंबाखू, गुटखा बंद. आणि छत्तीसगडमध्ये राहताय तर गुडाखूही बंद. सकाळी बोटानं दातांना गुडाखू चोळला नाही तर पोट साफ होत नाही, असं सांगणारी शंभर माणसं मी दाखवू शकते. तो तंबाखूच आहे.

दातांवरून आठवलं. ऑपरेशनआधी दंतवैद्याकडे जायला सांगतात तेव्हा लोकांना ती टाळाटाळ वाटते. तसं नाही. किडलेल्या दातांतले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात आणि तो संसर्ग जिवावर बेततो. म्हणून दाढ काढायची असेल तर आधीच काढतात. नंतरही दाताचं मोठं काम करताना ‘मला झडप बसवली आहे’ हे सांगायचं, म्हणजे ते आधी अँटिबायोटिक देतील.

घराची तयारी पुरुषमंडळी विसरतात. मधून छाती उघडली असेल तर पुढचे दीड-दोन महिने चार-पाच किलोंपेक्षा जास्त उचलायचं नाही, ढकलायचं नाही, हातांवर जोर देऊन उठायचं नाही. पाण्याची बादली गेली, गॅसचं सिलिंडर गेलं, नातवाला उचलणं गेलं, बाइक-स्कूटीही गेली. क्वार्टर वरच्या मजल्यावर असेल तर खालच्या मजल्यावर कुणाकडे सोय होते का बघा. बसून वापरायच्या संडासाची खुर्ची आणून ठेवा, खोलगट खाट असेल तर बदला. रक्त देणारी माणसंही आधीच ठरवून ठेवा, नाही तर ऐनवेळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर धावाधाव होते.

छातीचं हाड नीट सांधायला साधारण तीन महिने जातात. म्हणजे जवळपास तेच ९१ दिवस. हिशोब इतका काठोकाठ आहे, म्हणून भत्त्याचे दिवस ऑपरेशनआधीच्या विश्रांतीत किती खर्च करायचे हे आधी बसून मांडा. जड कामाला त्याहून जास्त वेळही लागू शकतो. काका साडेतीन महिन्यांनी परत गेले, ते टूल रूममध्ये. स्लिंग मोजून द्यायच्या, सही घ्यायची. ओव्हरटाइम बंद झाल्यानं हातात कमी पडतात. ठेका मार्चमध्ये संपतोय आणि नवा ठेकेदार टूल रूमला माणूस ठेवेल का, हे अजून ठरलेलं नाही. त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी, डिस्चार्ज पेपर आणि विमा नंबर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलाय.

रक्त पातळ करणारी गोळी सुरू असलेल्यांसाठी शेवटची दोन कामं. लाल भाजी, पालक, मेथी सोडायची गरज नाही. इकडे तर भाज्यांशिवाय जेवणच होत नाही. पण एक आठवडा अजिबात नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज, असं केलं की आयएनआर बिघडतो, तेव्हा प्रमाण सारखं ठेवा. आणि एका छोट्या कार्डावर झडपेचा प्रकार, गोळीचं नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहून ते गेटपासच्या कव्हरमध्ये, फोटोच्या मागे सरकवा. फोन लॉक असतो, पण गेटपास गळ्यातच असतो.